‘फसलेला प्रयोग’ असं नेमकं कोण म्हणतंय? आयकॅनची २००० सालची निवडणूक आणि एका निष्कर्षाची तपासणी

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एका वाक्याची चिरफाड करायची आहे. इंटरनेटच्या कारभारावर वाचायला लागलात की पहिल्या दहा-बारा लेखांत ते वाक्य कुठे ना कुठे भेटतंच. वाक्य असं: ‘आयकॅनने २००० साली जगभरातल्या इंटरनेट वापरणाऱ्यांकडून संचालक निवडून घेण्याचा प्रयोग केला आणि तो फसला.’

वाक्य लहान, सुटसुटीत, आणि लिटरेचर रिव्ह्यूमध्ये टाकायला अगदी सोयीचं. म्हणूनच ते धोकादायक आहे. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने दोघांचा हवाला दिला, की झालं ते सत्य! माझ्या पीएचडीचं वाचन याच विषयाच्या आसपास फिरतं. जितकं वाचत गेले तितकं मला वाटत गेलं, की या वाक्यातले दोन्ही मुख्य शब्द, ‘प्रयोग’ आणि ‘फसला’, पुराव्याच्या पुढे धावतात. कसे, ते बघू.

आधी घडलं काय, ते थोडक्यात

आयकॅन ही १९९८ साली कॅलिफोर्नियात नोंदलेली ना-नफा संस्था. काम वरवर तांत्रिक: डोमेन नावांची आणि इंटरनेट पत्त्यांची जागतिक व्यवस्था सांभाळणं. पण कुठली नवी डोमेन येणार, ती कोण चालवणार, नावावरून भांडण झालं तर ते कुठल्या नियमाने सुटणार, हे सगळं इथेच ठरतं. म्हणजे तंत्राच्या पोटात सत्ता आहे.

स्थापनेच्या वेळी ठरलं होतं की १९ जणांच्या संचालक मंडळात ९ जण सर्वसामान्य वापरकर्त्यांच्या वतीने येतील. मग ‘थेट निवडणूक नको, मधे एक निवडमंडळ असू दे’ असा बेत झाला. त्यावर टीका झाली. शेवटी मार्च २०००मध्ये कैरोच्या बैठकीत तडजोड निघाली: नऊऐवजी पाच जागा, पाच भौगोलिक विभागांतून प्रत्येकी एक, पण थेट मतदानाने.

सभासद व्हायला फी नव्हती. वय किमान १६, ईमेल हवा आणि टपालाचा पत्ता हवा. त्या पत्त्यावर पत्राने एक पिन यायचा, तो टाकून सभासदत्व चालू करायचं, आणि मग मतदान. नोंदणीची मुदत ३१ जुलै २००० रोजी संपली. मतदान ऑक्टोबरच्या पहिल्या दहा दिवसांत झालं. एकच नाव निवडायचं नव्हतं, पसंतीक्रम द्यायचा होता.

उमेदवार होण्याचे दोन रस्ते होते. एक, आयकॅनच्या नामांकन समितीने तुमचं नाव पुढे करायचं. अशी १८ नावं आली. दोन, तुमच्या विभागातल्या सभासदांचा ठरावीक पाठिंबा गोळा करून स्वतः उभं राहायचं. निकालात आफ्रिकेतून घानाचे नी क्वेनॉर, आशिया-पॅसिफिकमधून जपानचे मासानोबू काटो, युरोपातून जर्मनीचे आंडी म्युलर-मागून, लॅटिन अमेरिका व कॅरिबियनमधून ब्राझीलचे इव्हान मौरा काम्पोस आणि उत्तर अमेरिकेतून कार्ल ऑअरबाख निवडून आले. यांतले म्युलर-मागून आणि ऑअरबाख दुसऱ्या रस्त्याने, म्हणजे सभासदांच्या पाठिंब्यावर आलेले. उत्तर अमेरिकेत तर लॉरेन्स लेसिगसारखं मोठं नाव समितीच्या यादीत होतं, तरी निवडून आला संस्थेवर उघड टीका करणारा माणूस.

त्यानंतर अशी निवडणूक पुन्हा कधीच झाली नाही. फेब्रुवारी २००२मध्ये आयकॅनचे अध्यक्ष स्टुअर्ट लिन यांनी सुधारणांचा एक अहवाल मांडला. जगभरातल्या वापरकर्त्यांनी ऑनलाइन मतदानाने संचालक निवडणं व्यवहार्य नाही, असा त्याचा रोख होता. मार्चमध्ये अक्रा इथे मंडळाने अशा निवडणुकांची वाट सोडली, आणि वर्ष संपता संपता नवे उपनियम लागू झाले. निवडून आलेल्या जागा गेल्या, त्यांच्या बदल्यात एक नामांकन समिती आणि एक सल्लागार समिती आली.

इतकी हकीकत सगळेच सांगतात. वाद आहे तो तिच्या अर्थाबद्दल.

पहिली तपासणी: भागिले किती?

‘प्रतिसाद अपुरा होता’ हे फसण्याचं पहिलं कारण सांगितलं जातं. आता आकडे बघा. नोंदणी केलेले सभासद १,५८,५९३. पिन टाकून सभासदत्व चालू केलेले सुमारे ७६ हजार. प्रत्यक्ष मत दिलेले ३४,०३५.

आता सांगा, मतदान किती टक्के झालं? ७६ हजारांनी भागलं तर साधारण ४५ टक्के. नोंदणीच्या आकड्याने भागलं तर २१ टक्क्यांच्या थोडं वर. आणि त्या काळी जगात इंटरनेट वापरणारे ३५ ते ४० कोटींच्या घरात होते, त्यांनी भागलं तर दहा हजारांत जेमतेम एक! अंश तोच, छेद बदलला की गोष्ट बदलते. निवडणुकीच्या बाजूचा लेखक पहिला छेद घेतो आणि विरोधातला तिसरा. दोघांचंही गणित बरोबर असतं.

म्हणून माझा पहिला आक्षेप: ‘कमी मतदान’ म्हणणाऱ्याने छेद कुठला आणि तो का, हे सांगितलंच पाहिजे. पहिल्या आणि दुसऱ्या छेदामधला फरक तर फार बोलका आहे. नोंदणी केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक पिनच्या टप्प्यावरच गळाले. ही लोकांची उदासीनता, की टपालाची? यंत्रणा दहा हजारांच्या आसपास सभासदांचा अंदाज धरून उभारली होती आणि आले त्याच्या पंधरा पटींहून जास्त. जुलैमध्ये नोंदणीची साइट इतकी कोंडली, की कितीतरी जणांना फॉर्मच भरता आला नाही. लोक आलेच नाहीत, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. आलेल्यांना आत घ्यायला दरवाजा पुरेसा रुंद नव्हता, एवढं मात्र म्हणता येतं.

दुसरी तपासणी: विभागवार बघितलं तर?

एकूण आकडा बरंच काही लपवतो, म्हणून तो फोडायचा. नोंदणी आणि मतदान असं बघा: आफ्रिका ७८७ पैकी १३०; आशिया-पॅसिफिक ९३,७८२ पैकी १७,७४५; युरोप ३५,९४२ पैकी ११,३०९; लॅटिन अमेरिका ६,४८६ पैकी १,४०२; उत्तर अमेरिका २१,५९६ पैकी ३,४४९.

टक्केवारी काढली की गंमत दिसते. सगळ्यात वर युरोप, साधारण ३१ टक्के. सगळ्यात खाली कोण असेल असं वाटतं? आफ्रिका? नाही, उत्तर अमेरिका, १६ टक्के! आफ्रिका तिच्या किंचित पुढे. म्हणजे ‘जिथे इंटरनेट कमी तिथे मतदान कमी’ हे सोपं स्पष्टीकरण इथे टिकत नाही. सभासद किती झाले यावर इंटरनेटच्या प्रसाराचा परिणाम उघड आहे, पण सभासद झाल्यावर मत देणं न देणं ही वेगळी गोष्ट आहे. हे दोन प्रश्न एकत्र कालवले की संशोधन बिघडतं.

आणि आफ्रिकेतली १३० मतं? ‘१३० मतांवर जागतिक संस्थेचा संचालक’ हे वाक्य टिंगलीसारखं वापरता येतं. तत्त्वाच्या अंगाने ती अडचण खरीच आहे: आशिया-पॅसिफिकमधल्या १७,७४५ मतांना एक जागा आणि इथे १३० मतांना एक जागा. पण या १३० जणांनी निवडलं कोणाला? नी क्वेनॉर हे आफ्रिकेत इंटरनेट रुजवणाऱ्या अग्रणींपैकी एक, ज्यांना पुढे २००७ साली इंटरनेट सोसायटीचा जॉन पोस्टेल पुरस्कार मिळाला. मतदार थोडे होते म्हणून निवड वाईट झाली, असा निष्कर्ष या उदाहरणावरून काढता येत नाही. प्रक्रियेची वैधता आणि निवडीचा दर्जा या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत.

तिसरी तपासणी: ‘ताबा’ कोणी घेतला?

फसण्याचं दुसरं कारण सांगतात ते असं, की संघटित गट अशी निवडणूक पळवू शकतात. हा मुद्दा हलका नाही. आपल्याकडच्या पतसंस्थेची किंवा साखर कारखान्याची निवडणूक ज्याने जवळून बघितली आहे त्याला वेगळं सांगायला नको. मतदानाच्या दिवशी जे होतं ते उपसंहारासारखं असतं, खरी लढाई सभासद यादीच्या वेळीच होऊन गेलेली असते.

इथेही यादीची लढाई झालीच. जर्मनीत ‘श्पीगेल’च्या ऑनलाइन आवृत्तीने नोंदणीची मोहीम चालवली. जपानमध्ये उद्योगजगताने जोर लावला. आशिया-पॅसिफिकची नोंदणी एकूण नोंदणीच्या ५९ टक्क्यांवर गेली. मग ताबा घेतला गेला का?

इथे नियमांची रचना बघायला हवी. प्रत्येक विभागाला एकच जागा होती. त्यामुळे एका देशाने लाखभर सभासद आणले असते तरी हाती आली असती पाचातली एक जागा, म्हणजे एकोणिसातली एक. ‘ताबा’ हा शब्द एका जागेसाठी वापरायचा का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न जरा टोचणारा आहे. आशियातून फुजित्सुसारख्या कंपनीतले, समितीच्या यादीतले उमेदवार आले. युरोपातून केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकर मंडळींच्या संघटनेचे प्रवक्ते आले. मोहीम दोन्हीकडे झाली. यांतल्या एकाला ‘ताबा’ आणि दुसऱ्याला ‘प्रतिनिधित्व’ म्हणायचं असेल, तर फरकाचा निकष काय? तो निकष निकाल बघून ठरवलेला असेल, तर त्याला विश्लेषण म्हणता येत नाही, ती आवडनिवड झाली.

निवडून आल्यावर काय?

या विषयावरचं बरंच लेखन मतदारांवरच थांबतं. उमेदवाराच्या बाजूने फारसं कोणी बघत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात समृद्ध सामग्री तिथेच आहे.

विचार करा, तुम्ही अशा संस्थेच्या निवडणुकीला उभे आहात. जाहीरनाम्यात काय लिहाल? ‘वापरकर्त्यांचा आवाज पोचवीन’ असंच ना? पण कायद्याने संचालकाची पहिली निष्ठा संस्थेशी असते, मतदारांशी नाही. मतदार ज्या कारणासाठी निवडतो आणि कायदा ज्या कामासाठी बसवतो, ती दोन कामं एकमेकांना छेदतात.

हा पेच कागदावरचा राहिला नाही. पाचही जण जागेवर बसले ते नोव्हेंबर २०००च्या वार्षिक बैठकीच्या शेवटी. त्याच बैठकीत सात नव्या डोमेनची निवड (डॉट इन्फो, डॉट बिझ वगैरे) आधीच उरकली होती. त्या वर्षीचा सगळ्यात मोठा निर्णय झाला तेव्हा नवे प्रतिनिधी मंडळात नव्हते. पुढे ऑअरबाख यांनी संचालक म्हणून संस्थेची कागदपत्रं बघायला मागितली. संस्थेने अटी घातल्या, त्यांनी त्या नाकारल्या, आणि मार्च २००२मध्ये ते आपल्याच संस्थेविरुद्ध कॅलिफोर्नियाच्या कोर्टात गेले. जुलैमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. एका संचालकाला हिशेब बघायला कोर्टाची पायरी चढावी लागते, यावरून ‘निवडणूक फसली’ असं म्हणायचं, की निवडणूक फारच नीट लागू पडली असं म्हणायचं? मला दुसरं वाचनही तितकंच शक्य वाटतं.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ना-नफा संस्थेच्या ‘सभासदा’ला काही हक्क मिळतात, प्रसंगी संस्थेच्या वतीने दावा लावण्याचासुद्धा. आयकॅनच्या उपनियमांनी हे सभासद त्या कायदेशीर अर्थाने सभासद नाहीत, अशी तरतूद करून ठेवली होती. म्हणजे लाख-दीड लाख लोकांना ‘सभासद’ म्हणून बोलावलं, मत द्यायला लावलं, आणि सभासदाचा हक्क मात्र दिला नाही. पुढे निवडणूकच काढून टाकली तेव्हा या लोकांना विचारायची गरज पडली नाही, त्याचं मूळ इथे आहे.

मग ‘प्रयोग’ हा शब्द कुठून आला?

जॉन पॅलफ्री यांचा २००४ सालचा लेख या क्षेत्रात खूप वाचला जातो. त्याच्या शीर्षकातच प्रयोगाचा शेवट झाल्याची घोषणा आहे. लेख अभ्यासपूर्ण आहे. फक्त निवडणुकीवर न थांबता लोकांच्या लेखी सूचनांचा निर्णयांवर किती परिणाम झाला, हेही ते तपासतात, आणि आयकॅनच्या अनुभवावरून जागतिक लोकशाहीबद्दल मोठे निष्कर्ष काढण्याबाबत सावधही आहेत. गंमत अशी की पुढच्या लेखकांनी लेखातली सावधगिरी मागे सोडली आणि शीर्षक तेवढं पुढे नेलं.

पण ‘प्रयोग’ या रूपकावर माझा आक्षेप राहतोच. प्रयोगात काय असतं? गृहीतक आधी मांडलेलं असतं, फसणं कशाला म्हणायचं हे आधी ठरलेलं असतं, उपकरण कामाला पुरेसं असतं, आणि शंका आली तर प्रयोग पुन्हा करतात. इथे यशाचा एक आकडा आधी ठरला होता: निवडणूक घ्यायला किमान ५,००० सभासद हवेत. तो तीसपटीने ओलांडला गेला! बाकी निकष मागाहून आले. उपकरण अपुरं होतं. आणि पुनरावृत्ती झालीच नाही.

ती का झाली नाही? कोणी सुचवलीच नव्हती का? सुचवली होती. आयकॅननेच नेमलेल्या, स्वीडनचे माजी पंतप्रधान कार्ल बिल्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने नोव्हेंबर २००१मध्ये सुचवलं की निवडणूक ठेवा, पण मतदार म्हणून डोमेन नावं बाळगणारेच घ्या आणि सहा जागा द्या. म्हणजे उपकरण दुरुस्त करून पुन्हा मोजा. मंडळाने तो रस्ता घेतला नाही. शिवाय हा निर्णय घेणाऱ्या मंडळात बहुसंख्य लोक मतदानाने न आलेले होते. परीक्षार्थीनेच पेपर तपासला, आणि नापासाचा शेराही त्यानेच मारला. ‘प्रयोग फसला’ याऐवजी ‘निवडणूक एकदा झाली आणि मंडळाने ती बंद केली’ असं लिहिलं, तर पुरावा जिथे थांबतो तिथेच आपलं वाक्यही थांबतं.

दुसरी बाजूही नीट मांडूया

टीका लिहिताना समोरच्याचा सगळ्यात मजबूत मुद्दा घ्यायचा असतो. तो असा: मतदार कोण हेच ठरवता येत नसेल तर निवडणुकीला अर्थ नाही. ‘इंटरनेट वापरणारा’ ही व्याख्या इतकी मोकळी आहे की यादी ज्याने भरली तो जिंकणार. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

पण तुलना करून बघा. डेबियन हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प दर वर्षी आपला प्रकल्प-प्रमुख ऑनलाइन मतदानाने निवडतो. उमेदवार लेखी भूमिका मांडतात, प्रश्नांना उत्तरं देतात, पसंतीक्रमाने मतं पडतात, आणि मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही नको’ हाही पर्याय असतो. मतदार म्हणजे प्रकल्पात काम करून मान्यता मिळवलेले डेव्हलपर, संख्या हजाराच्या आसपास. दोन दशकांहून जास्त काळ हे चालू आहे. म्हणजे ऑनलाइन निवडणूक अशक्य आहे हे खरं नाही. यादी कामावरून बनते तेव्हा निवडणूक टिकते, असं फार तर म्हणता येईल. पण मग जे नुसते वापरतात, काम करत नाहीत, त्यांचं काय? डेबियनला हा प्रश्न टाळता येतो, आयकॅनला टाळता येत नाही.

आणि मतदान काढून टाकल्याने प्रश्न सुटतो का, त्याचंही उदाहरण आहे. इंटरनेट सोसायटी या ना-नफा संस्थेच्या विश्वस्तांच्या निवडीत वैयक्तिक सभासदाला थेट मत नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये तिने डॉट ऑर्ग चालवणारी आपली संस्था इथोस कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला १ अब्ज १३.५ कोटी डॉलरना विकायचं ठरवलं, तेव्हा जगभरातल्या संस्था हादरल्या. आपल्याकडच्या कितीतरी सामाजिक संस्थांचे पत्ते डॉट ऑर्गवर आहेत. विरोध झाला, पण मतपेटी नव्हती; पत्रं, सह्या आणि कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलचा हस्तक्षेप यांतून दबाव आला, आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने परवानगी नाकारली. व्यवहार थांबला, पण तो थांबवण्याचा हक्क ना सभासदांकडे होता ना वापरकर्त्यांकडे. आयकॅनच्या मंडळात वापरकर्त्यांच्या बाजूने निवडलेला मतदानाचा हक्क असणारा संचालक २०१०पासून आहे. एक. पाच नाहीत, नऊ तर नाहीतच.

तुमच्या प्रस्तावासाठी

तुम्ही रिसर्च प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा या लेखातून तीन गोष्टी न्या. एक, टक्केवारी दिसली की छेद विचारा. दोन, ‘यशस्वी’, ‘फसलं’ असे शब्द दिसले की निकष कोणी आणि कधी ठरवला ते शोधा; घटनेच्या आधी की नंतर. तीन, ज्या संस्थेचा अभ्यास करताय तिचाच शब्द आपल्या लेखनात आला असेल तर थांबा. संस्थेचा अहवाल हा पुरावा असतो, पण तो संस्थेच्या भूमिकेचा पुरावा असतो.

सरावासाठी एक काम देते. तुमच्या विषयातलं असंच एक ‘सगळ्यांना माहीत असलेलं’ वाक्य घ्या आणि हवाल्यांची साखळी मागे मागे नेत ते पहिल्यांदा कोणी लिहिलं तिथपर्यंत जा. बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच ‘कदाचित’ हा शब्द सापडतो, जो पुढच्यांनी गाळलेला असतो. सापडला तर मला जरूर कळवा.